कॉलेजच्या रूमवरच्या मैत्रिणी पांगल्या की मैत्री उरते का?

तुम्ही लिहिलंय की चौघी मैत्रिणी कॉलेजला असताना एका भाड्याच्या घरात राहिलात, आता चार शहरांत आहात, आणि ग्रुपवर जुने फोटो नि 'मिस यू'च्या पलीकडे काही येत नाही. हे असंच विरत जातं का, आणि नुसत्या आठवणींवर मैत्री किती दिवस चालते, असा तुमचा प्रश्न आहे.

आमचंही चौघींचंच प्रकरण आहे, म्हणून लिहायला बसले. थोडं लांबेल.

आधी उत्तर देऊन टाकते. आठवणींवर चालते, पण फार दिवस नाही. आमची तर मध्ये काही वर्षं पार बंद पडली होती. परत सुरू झाली ती आठवणींमुळे नाही, पुरामुळे. ते पुढे सांगते.

सांगलीत विश्रामबागला एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या, मोरी आणि पुढे गच्ची, एवढं आमचं घर. खाली मालक. काका बँकेतून रिटायर झालेले, काकू कशातूनच रिटायर न झालेल्या. २००३ ते २००७, इंजिनिअरिंगची चारही वर्षं आम्ही तिथेच काढली. मी जतची, एक इचलकरंजीची, एक बार्शीची, एक चिपळूणची. पहिल्या महिन्यातच नावं मागे पडली आणि जत, इचल, बार्शी, चिपळूण अशाच हाका सुरू झाल्या. काकूसुद्धा खालून ओरडायच्या, "अगं चिपळूण, घरून फोन आलाय तुझा!" लग्नानंतर आडनावं बदलली, एकीचं तर सासरी नावही बदललं, पण फोनमध्ये अजून गावंच सेव्ह आहेत. माझी मुलगी लहान असताना तिला वाटायचं, आईला अख्ख्या बार्शीचा फोन येतो.

आमचं पहिलं भांडण पाण्यावरून झालं. टाकीत पाणी सकाळी एकदाच चढायचं. मी जतची, म्हणजे उन्हाळ्यात टँकरच्या मागे कळशी घेऊन धावलेली. अर्ध्या बादलीत माझी अंघोळ आणि वर एखादा कपडाही धुऊन व्हायचा. चिपळूण बादली नळाखाली ठेवून गाणी म्हणत बसायची. बादली भरून वाहायला लागली तरी हिचं आपलं चालूच. मी बोलले की म्हणायची, "पाणीच आहे ना गं?" हे वाक्य जतच्या माणसाला ऐकवायचं म्हणजे काय! शेवटी बार्शीने बादलीच्या आतून नेलपॉलिशची लाल रेघ मारली. रेघेपर्यंत आपलं, वर गेलं की दुसरीच्या वाट्याचं. ती बादली पुढे कडीशिवाय राहिली, तळाला चीर गेली, तरी रेघ होती.

याच बार्शीने हिशेबाची वही ठेवली होती. तिच्या वडिलांचं बार्शीत भुसार मालाचं दुकान, त्यामुळे हिशेब तिच्या रक्तातच. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची वही, पहिल्या पानावर वर मध्यभागी 'श्री', खाली चार खाने: ज, इ, बा, चि. भाडं, लाईट, दूध, रॉकेल सगळं त्यात. ही वही तिने टाकली नाही. तिची लग्नानंतर तीन घरं बदलली, आता ती बंगळूरला आहे आणि वहीही तिथे आहे. काही वर्षांपूर्वी तिने पानांचे फोटो काढून ग्रुपवर टाकायला सुरुवात केली, आणि आमच्या आठवणींची पंचाईत झाली.

कारण असं की आम्हाला आठवत होतं ते निराळंच. आम्ही सतत गणपती मंदिराच्या बाजूला घाटावर जायचो, नाटकं बघायचो, रात्रभर गच्चीवर गप्पा मारायचो, असं प्रत्येकीच्या डोक्यात पक्कं बसलेलं. वही सांगते की आम्ही सतत मेणबत्त्या आणायचो. मेणबत्त्या, रॉकेल, क्रोसिन, झेरॉक्स, परत मेणबत्त्या. नाटकाचं तिकीट सगळ्या वहीत एकदाच सापडलं, आणि तेही 'इ. ला उसने' म्हणून. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ज्या गावात पहिलं नाटक केलं तिथे चार वर्षं राहून आमची ही रसिकता.

मेणबत्त्यांचं कारण तुमच्या वयाच्या मुलींना कदाचित माहीत नसेल. २००५ च्या जूनमध्ये वीज मंडळाचे तुकडे होऊन महावितरण आलं, आणि नेमकं त्याच काळात भारनियमन इतकं वाढलं की पेपरात वेळापत्रक छापून यायचं. आमच्या फीडरला सकाळी आणि परत संध्याकाळी. आम्ही अभ्यास, अंघोळ, इस्त्री सगळं त्या वेळापत्रकावर लावलेलं असायचं. काकूंनी हीटरची कॉइल लावायला सक्त मनाई केली होती, पण लाईट आल्या आल्या पहिली गोष्ट कॉइलच लागायची. काकू खाली मीटरची चकती बघून ओळखायच्या आणि जिन्यावरून आवाज द्यायच्या, "पोरींनो, वर काय गिरण चालू केली का?"

याच दिवसांतली जीटीची गोष्ट आमच्या ग्रुपवर सगळ्यात जास्त वेळा सांगितली जाते. जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. इंजिनिअरिंग केलेल्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते: दुसऱ्याची पूर्ण झालेली ड्रॉइंग शीट काचेवर ठेवायची, तिच्यावर आपली कोरी, काचेखाली दिवा लावायचा आणि खालच्या रेघा वर उमटवायच्या. मी आणि चिपळूण सिव्हिलला, त्यामुळे शीट्स आमच्याच जास्त. आमच्याकडे काकूंच्या जुन्या शोकेसची सरकती काच होती. दोन बाजूंना पालथ्या बादल्या, त्यावर काच, खाली टेबललॅम्प. गुडघे टेकून, नाक शीटला लावून, टोकदार टू-एच पेन्सिलीने आडवी रेघ ओढताना मान अशी काही आखडायची की दुसऱ्या दिवशी मागे वळून बघायचं तर सगळं अंग वळवावं लागायचं. त्यातून अक्षर आपलं वेगळं दिसायला हवं, म्हणून लेटरिंग मात्र स्वतःचं. टायटल ब्लॉकमध्ये खालच्या शीटवरचा रोल नंबर चुकून उतरवणारे महाभागही आमच्या वर्गात होते.

तर सबमिशनच्या आदल्या रात्री लाईट गेली. शीट अर्धी झालेली. दिवसा असं झालं तर आम्ही शीट खिडकीच्या काचेला सेलोटेपने चिकटवून उभ्याने काढायचो, पण रात्री काय करणार? कोणीतरी काचेखाली मेणबत्त्या लावल्या. तीन. छान उजेड पडला, आम्ही एकमेकींना शाबासकी दिली, आणि थोड्या वेळात टणकन आवाज होऊन काचेला आरपार तडा गेला. शीट वाचली. तिच्या पाठीला काजळीचा एक डाग पडला, बाकी काही नाही.

मेणबत्त्या कोणी लावल्या? चिपळूण सगळ्यांना, अगदी आमच्या नवऱ्यांनासुद्धा, सांगत आली की इचलने. साभिनय सांगायची, आणि आम्हीही मान डोलवायचो, कारण इचल असले उद्योग करण्यातलीच होती. मग बार्शीने वहीचं ते पान टाकलं. 'काच – १४०', आणि आकडा फक्त 'चि'च्या खान्यात. बाकी तीन खान्यांत रेघ. ग्रुपवर काही वेळ एकदम शांतता. मग इचलचा व्हॉइस मेसेज आला, "बघितलीस? आं? इतकी वर्षं माझ्या नावावर खपवलीस! मी सासूबाईंना पण सांगून ठेवलो होतो, की मीच फोडलो म्हणून!"

चिपळूणने अजून कबूल केलेलं नाही. तिचं म्हणणं, वही बार्शीची, पेन बार्शीचं.

खाण्याचंही सांगते, पण थोडक्यात. मेसला खाडा फक्त सलग तीन दिवसांचा धरायचे, त्यामुळे शनिवार-रविवार गावी गेलं तरी पैसे जायचेच. रविवारी संध्याकाळी मेस बंद. तेव्हा भडंगात कांदा-टोमॅटो चिरून घालायचा आणि वरून माझ्या आईने दिलेली शेंगाचटणी. चिपळूण घरून येताना हॉर्लिक्सच्या बरणीत सोड्याची, म्हणजे सुकवलेल्या कोलंबीची, चटणी आणायची. काकूंकडे अंडंसुद्धा चालत नव्हतं. बरणी तीन पिशव्यांत गुंडाळून माळ्यावर असायची आणि तरीही एकदा काकू गच्चीत वाळवण घालायला आल्या तेव्हा दारात थांबून म्हणाल्या, "वर उंदीरबिंदीर मेलाय का बघा गं." आम्ही चौघींनी मिळून उंदीर शोधला. काकूंना सगळं कळलं होतं असा माझा आजही संशय आहे.

आता पूर. २००५ च्या जुलैच्या शेवटी पाऊस सुरू झाला तो थांबेचना. २६ जुलै म्हटलं की लोकांना मुंबई आठवते, पण त्याच दिवशी वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेतही शिरलं होतं. आमच्या चिपळूणच्या घरचा फोन लागेना. कुंभार्ली घाटातून गाड्या बंद. मोबाईल आमच्यात एकीकडेच होता आणि तोही इनकमिंगपुरता. काका दर तासाला खालच्या लँडलाइनवरून तिच्या घरचा नंबर फिरवायचे. ती जिन्याच्या पायरीवर बसून असायची. कशीबशी खबर आली की माणसं माळ्यावर आहेत, सुखरूप आहेत, दुकान गेलं.

आणि मग पाणी आमच्याकडे. कोयनेतून सोडलेलं पाणी, वरून पाऊस, आणि खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्यावरून त्या वेळी सुरू झालेला वाद अजून मिटलेला नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४५ फुटांवर गेली की धोक्याची, हे सांगलीत लहान पोरालाही माहीत असतं. विश्रामबाग उंचावर, त्यामुळे आम्ही कोरडे होतो. पण नदीकाठच्या गावभागातल्या काकूंच्या जावेच्या घरात पाणी शिरलं आणि त्यांचं सगळं बिऱ्हाड आमच्याकडे आलं: म्हातारी सासू, दोन मुलं, पितळी डबे, देवघर, शिलाई मशीन. आमची एक खोली त्यांना दिली आणि आम्ही चौघी एका खोलीत. त्या काळात काकूंचे सगळे कायदे आपोआप रद्द झाले. कॉइल चालू, स्टोव्ह चालू. मुलींनी संध्याकाळी फाटकाबाहेर पडायचं नाही, हाही नियम बुडाला, कारण रॉकेल आणि दूध आणायला आम्हीच जायचो.

पाणी ओसरल्यावर आम्ही त्या घरी साफसफाईला गेलो. तिथे मी एक शिकले, ते पुढे उपयोगी पडलं. पुराचं पाणी जातं, गाळ राहतो, आणि तो वाळायच्या आत काढायचा असतो. वाळला की कुदळ लागते. तेव्हा लोक ट्रक भरभरून जुने कपडे पाठवत होते, आणि जावबाई म्हणत होत्या, "साड्या नकोत गं बायांनो, कुणी एक फावडं आणि खराटा द्या."

२००७ ला शेवटची ओरल झाली आणि आम्ही पांगलो. रडारड वगैरे झाली. पुढची काही वर्षं लग्नपत्रिकांची. एकमेकींच्या लग्नाला गेलो, स्टेजवर फोटो काढले. मग ऑर्कुट नावाच्या साइटवर स्क्रॅप, म्हणजे निरोप, टाकणं आलं, तेही महिन्यांनी. २०१४ च्या सप्टेंबरात ऑर्कुटच बंद झालं. तोवर नंबर बदललेले, घरं बदललेली. इथे माझं एक मत आहे, पटलं तर घ्या. पुरुषांचे रूमवरचे मित्र टिकतात, कारण त्यांना भेटायला निमित्त लागत नाही; "शनिवारी जातोय" म्हटलं की झालं. बाईला घरातून दोन दिवस बाहेर पडायचं तर बारसं, डोहाळजेवण, गेला बाजार सत्यनारायण तरी लागतो. रूमपार्टनरला भेटायचंय हे कारण घरात कुणाला कारण वाटतच नाही. आमच्यात वितुष्ट काही आलं नव्हतं, नुसतं राहून गेलं.

व्हॉट्सॲपवर ग्रुप झाला तेव्हा पहिले दोन महिने आम्ही रोज तासन् तास बोलत होतो. बादली, काच, उंदीर. मग तेच परत. तिसऱ्यांदा उंदीर सांगून झाला की कोण किती हसणार? ग्रुपवर गुड मॉर्निंगची फुलं यायला लागली. तुमचा ग्रुप आज जिथे आहे असं तुमच्या प्रश्नावरून वाटतंय, तिथेच आमचा होता.

इचल लग्न होऊन सांगलीतच आली होती, तीही गावभागात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी वाढायला लागलं तेव्हा टीव्हीवर काश्मीरची बातमी चालू होती, सांगलीचं नाव यायलाच वेळ लागला. ग्रुपवर इचलने संध्याकाळी लिहिलं, "जिन्याच्या तिसऱ्या पायरीला लागलंय." मी पुण्यात वारज्याला, बार्शी बंगळूरला, चिपळूण कॅनडात मिसिसागाला. पायऱ्या मोजणं सुरू झालं. पाचवी. सहावी. तिच्या सासऱ्यांचा हिशेब २००५ च्या खुणेचा होता, भिंतीवर त्यांनी रेघ मारून ठेवलेली, की याच्या वर येणार नाही. पाणी त्या रेघेच्या वर गेलं. त्या वेळी आयर्विन पुलाशी ५७ फुटांच्या पुढे पातळी गेली होती. रात्री आम्ही तिघींनी पाळी लावून घेतली, कोणी कधी जागायचं याची. कॅनडाची रात्र आपला दिवस, त्यामुळे पहाटेची पाळी आपोआप चिपळूणकडे. इचलचा फोन चार्ज राहावा म्हणून तिने फक्त पायरीचा आकडा टाकायचा, बाकी चौकशा करणाऱ्या नातेवाइकांना आम्ही उत्तरं द्यायची. मी विश्रामबागला काकूंना फोन केला. काकू तेव्हा पंचाहत्तरीच्या घरात. म्हणाल्या, "वरच्या खोल्या रिकाम्याच आहेत. बोटीतनं उतरली की सरळ इकडे या म्हणावं. आणि सांग तिला, कॉइल चालेल."

इचल, नवरा, दोन मुलं आणि सासू-सासरे आमच्या त्याच खोल्यांत राहिले. तिने तिथून फोटो टाकला तो घराचा नाही, मोरीच्या नळाचा.

मग २०२१ ला २२ जुलैला चिपळूण बुडालं. आमच्या चिपळूणचे आई-वडील तिथेच, ती साडेनऊ तास मागे, विमानं कोविडमुळे धड चालू नाहीत. या वेळी आम्हाला कोणी काही सांगावं लागलं नाही. सांगलीतही पाणी चढत होतं, तरी यादी इचलनेच केली: फावडी, घमेली, खराटे, गमबूट, ब्लीचिंग पावडर, फिनेल, टॉर्चचे सेल, घट्ट झाकणाचे डबे, आणि मेणबत्त्या. कपड्यांचं नाव नाही. घाटाचा रस्ता खचलेला, म्हणून माझ्या नवऱ्याने सामान पुण्याहून ताम्हिणीमार्गे पाठवायची सोय केली. पैशाचा हिशेब अर्थातच बार्शीकडे. तिने चार खाने आखले. चिपळूणने सगळे पैसे देते म्हटलं, तर बार्शीने लिहिलं, "चौघींत. काच फोडलेली नाही."

त्यानंतर आमच्या ग्रुपवर फुलं येत नाहीत. कामं येतात. बार्शीच्या मुलीला स्ट्रक्चरलला जायचंय, तर पोर्टफोलिओ मी बघायचा. माझ्या वडिलांच्या बायपासच्या वेळी इचलचा नवरा मिरजेच्या हॉस्पिटलात रात्री बसला. चिपळूण तिकडून सगळ्यांचे रिझ्युमे दुरुस्त करते आणि वर चार शब्द सुनावते. मधूनच कुणीतरी वहीचं पान टाकतं नि अर्धा दिवस त्यावर भांडण होतं. पण ते आता चटणीसारखं तोंडी लावणं आहे, जेवण वेगळं.

तेव्हा तुमच्या ग्रुपवर कोणी घर शोधतंय का, कुणाची आई आजारी आहे का, कुणाला इंटरव्ह्यूची तयारी हवी आहे का, ते विचारा. 'कशी आहेस' विचारू नका, त्याला 'मजेत' असंच उत्तर येतं.

आणि भेटायचं ठरवाल तर मे महिना अजिबात धरू नका. लग्नं, मुलांच्या सुट्ट्या, माहेरपणं, कुणीतरी गळतंच. आम्ही दिवाळीनंतरचा दुसरा शनिवार-रविवार कायमचा लावून टाकलाय, जी येईल ती येईल. घरी कारण काय सांगायचं हा प्रश्न इचलने सोडवला. ती म्हणते, "मी सरळ सांगतो, ऑडिट आहे."